चौदाव्या मजल्याची पसंती

सुधन्वाला काहीही चालायचं, आणि लग्नाला बारा वर्षं झाल्यावर उत्तराला त्याची नेमकी हीच गोष्ट चालेनाशी झाली होती. हॉटेलात काय मागवू? काहीही. सुट्टीत कुठे जाऊ? तू म्हणशील तिथे. ओळखीच्या बायकांत त्याचं भारी कौतुक होतं, नवरा असावा तर असा म्हणून. उत्तरा हसून मान डोलवायची. काहीही चालणाऱ्या माणसाच्या घरात प्रत्येक निर्णय बायकोच्या नावे मांडला जातो, आणि तो फसला की हा माणूस एक अक्षर बोलत नाही, फक्त पंख्याकडे बघत बसतो, हे त्या बायकांना कोण सांगणार?

आता निर्णय घराचा होता. दिल्लीत मुनिरक्याच्या पलीकडच्या सरकारी वसाहतीत त्यांचं क्वार्टर होतं. ती अख्खी ओळ पाडायचं ठरलं आणि मार्चअखेर जागा सोडायची नोटीस आली. दुसऱ्या क्वार्टरसाठी नंबर लागेपर्यंत चिन्मय कॉलेजात गेला असता, आणि तो आत्ता कुठे तिसरीत होता. तेव्हा घरभाडे भत्ता घ्यायचा आणि बाहेर राहायचं, एवढं नक्की झालं. बाहेर म्हणजे कुठे, हे मात्र ठरता ठरेना.

डिसेंबरातले सगळे रविवार यातच गेले. द्वारका झाली, नोएडा झालं, गुडगावात तर भाडं ऐकूनच दोघं चहासुद्धा न पिता परत आली. प्रत्येक दलाल छातीवर हात ठेवून सांगायचा, "मॅडम, बिल्कुल फॅमिली एरिया है." एकाच्या मते फॅमिली एरिया म्हणजे जिथे मुनिरक्यातल्यासारखी कॉलेजची पोरं खोल्या करून राहत नाहीत. दुसऱ्याच्या मते जिथे रात्री गेट बंद होतं. तिसऱ्याने तर एका गल्लीत उभं राहून समोरच्या गच्चीवर वाळणारे लहान मुलांचे स्वेटरच दाखवले. पुराव्यात कसर नव्हती.

सुधन्वाचं मोजमाप साधं होतं. जागा दाखवली की तो मोबाईल काढायचा आणि तिथून मंत्रालयापर्यंत, म्हणजे त्याच्या ऑफिसपर्यंत, किती वेळ लागेल ते बघायचा. "कम्यूटिंग डिस्टन्समध्ये आहे," म्हणायचा किंवा "नाही" म्हणायचा. यात त्याचा काही डाव नव्हता. जन्म सरकारी वसाहतीत गेलेला. तिथे सगळी अंतरं मंत्रालयापासूनच मोजायची, हे त्याने वडलांकडून घेतलेलं. उत्तराचं ऑफिस सिकंदरपूरला, गुडगावात होतं. तेही अंतर मोजायला हवं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. उत्तरानेसुद्धा नाही. त्याला आपणहून सुचतं का, याची ती वाट बघत होती, आणि वाट बघता बघता जानेवारी उजाडला होता.

तिच्या कंपनीत ती पुरवठादारांचे हिशेब जुळवायची. त्यांनी काय पाठवलं आणि आपण काय पोचल्याचं लिहिलं, यातली तफावत शोधून काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एप्रिलपासून सगळी टीम तिच्या हाताखाली येणार होती. अट एकच होती, घरून काम बंद, सकाळी साडेनवाला जागेवर. आठ वर्षं ती या खुर्चीकडे डोळे लावून बसली होती. घर चुकीच्या टोकाला मिळालं, तर खुर्ची हातची जाणार होती. आणि ती कोणी हिसकावून घेणार नव्हतं. उत्तरा स्वतःच थकून एक दिवस उठणार होती, याची तिला खात्री होती.

अशात इंदिरापुरम पुढे आलं, यमुनेपलीकडे, गुडगावच्या अगदी उलट टोकाला. सुधन्वाचे वरिष्ठ मुरलीधर सर पंधरा वर्षं तिथे राहत होते. एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी आपल्याच टॉवरमधला, आपल्या खालचाच चौदाव्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट दाखवला. तीन खोल्या, स्वयंपाकघरात जाळीचं दार, खाली बाग. चिन्मय तर स्केटिंगचा ट्रॅक बघून वेडाच झाला. "आई, यहाँ पे तो सगळे बच्चे खालीच असतात!" सरांच्या बायकोने, वीणाताईंनी, साबुदाणा वड्यांची बशी पुढे करत विचारलं, "मग? कसं वाटलं घर?" हातात वडा, समोर यजमानीण. उत्तरा म्हणाली, "छान आहे." सरांनी सुधन्वाकडे पाहिलं. सुधन्वा म्हणाला, "उत्तराला छान वाटलं म्हणजे झालं."

विषय तिथेच संपला, असं उत्तराला वाटलं. मुरलीधर सर मात्र गावचे साताऱ्याचे असले, तरी तीस वर्षं दिल्लीचं पाणी प्यायलेले होते.

संक्रांतीनंतरच्या बुधवारी वीणाताईंकडे हळदीकुंकू होतं. चार ते सात. उत्तराने अर्धी रजा टाकली. थंडीने शाळा बंद असल्यामुळे चिन्मय शेजाऱ्यांकडे होता. त्याला आणून, ऑफिसच्याच कुर्त्यात, दोन गाड्या आणि एक ई-रिक्षा बदलून ती पोचली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. आत पंधरावीस बायका, काळ्या साड्या, तिळगुळाचा वास, आणि मराठी-हिंदीची अशी खिचडी की कोण पुण्याची आणि कोण नागपूरची ते ओळखू येऊ नये.

"आली गं, आली!" वीणाताईंनी तिला दारातच हळदीकुंकू लावलं आणि हात धरून मधे उभं केलं. "ही उत्तरा. आपली नवी शेजारीण. चौदाव्यावर येतायत, एक मार्चपासून."

उत्तरा हसली. काय ऐकलं ते डोक्यात शिरेपर्यंत हसू चेहऱ्यावर आलंच होतं, आणि एकदा आलेलं हसू एवढ्या बायकांसमोर मागे कसं घ्यायचं?

"मार्चपासून?" ती म्हणाली.

"अगं, यांनी मालकाला सांगून टाकलं ना. फॅमिली पक्की समझो म्हणून. रंगाचं काम चालू झालंसुद्धा. पांढरा नको म्हटलं मी, फिकट पिवळा द्या. चालेल ना?"

तेवढ्यात उत्तराच्या पर्समध्ये फोन थरथरला. मग परत. मग थांबेचना. टॉवरमधल्या मराठी बायकांच्या ग्रुपमध्ये तिला घेतलं गेलं होतं, आणि समोर बसलेल्या बायका मांडीवरच्या मोबाईलवरून तिला फुलं पाठवत होत्या.

"उखाणा, उखाणा!" कोणीतरी ओरडलं.

"उखाणा मतलब?" चिन्मयने विचारलं, आणि सगळ्या हसल्या.

उत्तराला काही सुचेना. मग डोक्यात जे घोळत होतं तेच तोंडातून बाहेर पडलं:

"सिकंदरपूरला धरली मेट्रो, राजीव चौकात बदलली गाडी,
सुधन्वाचं नाव घेते, नेसायची राहिली साडी."

हशा झाला, टाळ्या झाल्या. "सिकंदरपूर?" शेजारी बसलेल्या राधाने हळूच विचारलं. नाशिकची, पस्तिशीची, चुणचुणीत बाई. "तुमचं ऑफिस तिकडे आहे?"

"हो. तुमचं?"

"माझंही तिकडेच होतं. टेस्टिंगमध्ये होते मी. एक वर्ष केलं इथून. मग म्हटलं, थोडा ब्रेक घेऊ."

"कधी घेतलात?"

"आता..." राधाने मनाशी हिशेब केला आणि तो फार आवडला नाही असं तोंड केलं. "धाकटी पोटात होती तेव्हा. आता ती पहिलीत आहे."

उत्तराची सवय जागी झाली. तिळगूळ घेता घेता ती एकेकीला विचारत सुटली. समोरच्या जाड चष्म्याच्या बाई बँकेत होत्या, बदली टाळायला सोडली. खिडकीपाशी बसलेली करोल बागेत एका सराफाकडे डिझाइन करायची. स्वतः वीणाताई तरुणपणी कोपर्निकस मार्गावर एका ऑफिसात स्टेनो होत्या. "तीन बसेस बदलून जायचे गं, तेव्हा मेट्रो कुठली! मग म्हटलं, मरो." सगळ्या हुशार, हसऱ्या, आणि सगळ्यांच्या नोकऱ्या झाल्या-गेल्या. कोणाला कोणी सोडायला लावली नव्हती. प्रत्येकीने आपणहून, सोयीने, थोड्या दिवसांसाठी सोडली होती.

मग तिच्या लक्षात आलं, की बुधवारी चार वाजता ज्यांना येता येतं त्याच इथे असणार. ज्या नोकरीवर आहेत त्या आत्ता कुठल्या तरी गाडीत उभ्या असतील. म्हणजे या खोलीवरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. असं तिने स्वतःला दोनदा समजावलं. आणि तरीही ती सोडलेल्या नोकऱ्या पुन्हा बोटांवर मोजू लागली.

"सगळं गेटच्या आत मिळतं बघ," वीणाताई कौतुकाने सांगत होत्या. "डेंटिस्ट, शिंपी, कथ्थकचा क्लास, पिठाची गिरणी. बाहेर पडायलाच लागत नाही." आणि तिच्या हातात वाण दिलं, स्टीलचा छोटा डबा. "पुढच्या वर्षी तुझ्याकडे हं!"

सुधन्वा ऑफिसातून परस्पर जेवायला आला. उत्तराने त्याला बूट काढू दिले आणि हात धुवायच्या निमित्ताने बाल्कनीच्या कोपऱ्यात गाठलं.

"तू हो म्हणालास?"

"कशाला?"

"घराला! खाली रंग लागतोय. फिकट पिवळा."

"मी कुठे हो म्हणालो?" सुधन्वा खरोखर गोंधळला. "सरांनी विचारलं, घर आवडलं ना? मी म्हटलं, उत्तराला छान वाटलं."

"मी छान म्हणाले कारण माझ्या हातात वडा होता!"

"मग मला काय माहीत? तू छान म्हणालीस, मला छान ऐकू आलं."

"आणि तुला? तुला काय वाटलं?"

"मला काय, तुम्हाला दोघांना आवडलं तर मला..."

"पुढे बोलू नकोस," उत्तरा म्हणाली.

जेवताना मुरलीधर सर रंगात होते. मालक उद्या सकाळी रेंट अॅग्रीमेंटचा कागद घेऊन येणार. माणूस जरा खडूस, पण सरांनी शब्द टाकला म्हणून त्याने दुसरी पार्टी परत पाठवली. "मराठी माणसाला शेजार मराठी मिळाला की झालं. क्यों, सुधन्वा? शिवाय तुझं ऑफिस एकदम सीधा. बिल्कुल कम्यूटिंग डिस्टन्स!" सुधन्वाने मान हलवली. वीणाताईंनी उत्तराच्या पानात गुळाची पोळी वाढली, त्यावर तूप ओतलं. त्या तुपाच्या वरून "नको" कसं म्हणायचं, हे उत्तराला कोणी शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरी बसून नाही म्हणायचं नसतं, बाहेर पडून कारण कळवायचं असतं, हे मात्र पक्कं शिकवलेलं होतं.

म्हणून तिने वेगळीच चाल खेळली. "आज इथेच राहतो आम्ही," ती म्हणाली. "चिन्मय दमलाय. सकाळी इथूनच ऑफिसला जाऊ." वीणाताईंना कोण आनंद झाला. अंथरुणं घालताना उत्तराने सुधन्वाला सांगितलं, "उद्या तू माझ्याबरोबर सिकंदरपूरपर्यंत यायचं. मधे उतरायचं नाही. हाफ डे टाक."

"कशासाठी?"

"डोळ्यांनी बघ म्हणून."

सकाळी धुकं इतकं, की ई-रिक्षावाल्याने प्लास्टिकचे पडदे लावून घेतले तर बाहेर रस्ता आहे की भिंत ते कळेना. वैशाली स्टेशनच्या तपासणीची रांग जिन्यापर्यंत आलेली. एरवी उत्तरा बायकांच्या डब्यात चढायची. आज त्याच्याबरोबर साध्या डब्यात. पहिलंच स्टेशन असून बसायला मिळालं नाही. आनंद विहारला रेल्वेने उतरलेली माणसं बोचक्यांसकट आत आली. लक्ष्मीनगरला उत्तराची ओढणी एका अनोळखी बॅगच्या चेनमध्ये अडकली. यमुनेच्या पुलावर काहीच दिसलं नाही. तिला प्रत्येक हिसक्याचा आनंद होत होता. बघ, ती मनात म्हणत होती, बघ, अजून निम्मंसुद्धा नाही झालं. तिने त्याच्याकडे पाहिलं. सुधन्वा दरवाजावरचा नकाशा वाचत होता.

राजीव चौकात लोंढ्याने त्यांना जिना उतरवून पिवळ्या लाइनवर नेऊन सोडलं. दोन गाड्या सोडाव्या लागल्या. तिसरीत घुसले. केंद्रीय सचिवालय आलं तसे सुधन्वाचे पाय आपोआप दाराकडे वळले, आणि उत्तराने त्याची बाही धरली. इथे निम्मा डबा रिकामा झाला. सरकार उतरून गेलं. समोर एक जागा मोकळी झाली.

"बस तू," तो म्हणाला.

"नको, तू बस."

"अगं, तू बस ना."

तेवढ्यात एका लठ्ठ गृहस्थांनी जागेकडे पाऊल टाकलं, तेव्हा जागा वाया जाऊ नये म्हणून सुधन्वा बसला. आणि जोरबाग यायच्या आत झोपला.

उत्तरा त्याच्यासमोर दांडीला धरून उभी राहिली. एम्सला गर्दी चढली, हौज खासला त्याहून जास्त. तिच्या पायावर पाय पडले, खांद्यावर कोणीतरी शिंकलं. साकेत, कुतुबमिनार, छत्तरपूर. त्याची मान डुगडुगत होती, तोंड जरासं उघडं. एवढा शांत तो घरीसुद्धा झोपत नसे. त्याला हलवून जागं करावं, की पायावर पाय द्यावा, याचा विचार तिने घिटोरनीपर्यंत केला.

सिकंदरपूरला तिने त्याला उठवलं. तो ताजातवाना होऊन फलाटावर उतरला, मफलर नीट केला आणि म्हणाला, "अगं, इतकं काही वाईट नाही. मी तर झोपलो."

घड्याळात दहाला पाच कमी होते. तिला कळून चुकलं, की या माणसाला अंतर दाखवून उपयोग नाही. पुरावा गाडीत होता, अंगावर होता, आणि पंच साहेब झोपले होते. पुराव्याशिवायच बोलावं लागणार होतं.

सुधन्वाचा फोन वाजला. "सर," तो म्हणाला आणि फोन तिच्यापुढे धरला. "तूच बोल."

फोन हातात घेताना तिच्या मनातून शहाण्या सबबींची माळच्या माळ सरकली. चिन्मयला धुळीची अॅलर्जी. सासूबाईंना लिफ्ट चालत नाही. गुरुजींनी दिशा बघायला सांगितली आहे.

"नमस्कार सर, उत्तरा बोलतेय. घर आम्हाला नको."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. "नको मतलब? अगं, मालक कागद घेऊन समोर बसलाय. वीणा तर म्हणाली तुला फार आवडलं."

"छान आहे म्हणाले, सर. राहायला येते म्हणाले नव्हते. तिथेच सांगायला हवं होतं, माझं चुकलं."

"पण कारण काय सांगू त्याला?"

"सांगा, बाईंना नोकरी सोडायची नाही."

"अरे यार, सोडायला कोण सांगतंय?"

"कोणीच सांगत नाहीये, सर. म्हणून तर भीती वाटते."

मागे वीणाताईंचा आवाज आला, "काय म्हणतेय? काय म्हणतेय ती?" आणि सरांनी फोनवर हात ठेवला असावा. हात काढला तेव्हा ते फक्त म्हणाले, "चलो, ठीक आहे. संध्याकाळी मुलाला घ्यायला याल ना?"

याल ना! चिन्मय तिथेच होता. म्हणजे आज संध्याकाळी त्याच दारात, त्याच वीणाताईंसमोर उभं राहायचं होतं, आणि बहुधा रंगाच्या वासात. उत्तराची कानशिलं तापली. तिने फोन सुधन्वाच्या हातात दिला.

"बरं झालं," सुधन्वा म्हणाला. "मला तो चौदावा मजला आवडलाच नव्हता."

"काय?"

"खाली बघवत नाही मला. काल बाल्कनीत उभा होतो ना तुझ्याशी बोलत, तर रेलिंग धरून होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू छान म्हणालीस."

फलाटावर ती एवढ्या जोरात "देवा!" म्हणाली की एक सुरक्षारक्षक वळून बघू लागला. हलकं वाटायला हवं होतं, पण हलकं वाटेना. बारा वर्षांतली आणखी किती घरं, किती हॉटेलं, किती सुट्ट्या अशा निघाल्या असतील, जिथे दोघांनाही जायचं नव्हतं? ती तरातरा जिना उतरली. तो मागून आला. तिचं ऑफिस त्याने आजवर पाहिलं नव्हतं; आलोच आहे तर बघतो, म्हणाला.

गेटपाशी ती कार्ड शोधत असताना त्याने मान वर करून काचेच्या इमारती पाहिल्या, मग पलीकडच्या रस्त्यावरची जुनी दुमजली घरं. आणि गेटवरच्या माणसाला आपल्या खास मंत्रालयी हिंदीत विचारलं, "भाईसाहब, यहाँ आसपास किराए का मकान मिलेगा? फॅमिली के लिए?"

उत्तराचा हात कार्डावर थांबला. क्षणभर तिला भरून आलं. दुसऱ्या क्षणी तिच्यातली हिशेबनीस जागी झाली. इथे घर घ्यायचं, म्हणजे रोज सकाळी हा दिल्लीला जाणार. तक्रार करणार नाही. पावसाळ्यात भिजून येईल, धुक्यात दोन गाड्या सोडून येईल, आणि विचारलं तर म्हणेल, काही नाही गं. जन्मभर हा उपकार तिच्या नावावर चढत जाणार, आणि फिटायचा कधीच नाही. वीणाताईंचा चौदावा मजला त्यापेक्षा परवडला.

काचेचं दार उघडलं होतं. ती मागे फिरली.

"सुधन्वा! इथे नको. मधे बघू. हौज खासच्या बाजूला कुठेतरी."

"छे," तो म्हणाला. "हौज खास नको."

ती थबकली. "नको?"

"नको म्हणजे नको. भाडं झेपणार नाही, गल्लीत गाडी वळत नाही, आणि चिन्मयची बस तिथे येत नाही. मला आवडतच नाही तो भाग."

"मग मालवीयनगर बघ."

"तिथे पाण्याचा प्रॉब्लेम आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"मला माहीत आहे. शाळेत असताना सुट्टीत मामाकडे राहायचो मी तिथे."

"त्याला तीस वर्षं झाली!"

"पंचवीस," सुधन्वा म्हणाला, आणि मफलर सोडून हातात घेतला. गेटवरच्या माणसाने खुर्ची जरा मागे सरकवली. उत्तराने कार्ड परत पर्समध्ये टाकलं, ओढणी खोचली आणि म्हणाली, "बरं, मग तुला नक्की काय हवंय ते सांग." आणि ऑफिसच्या दारात, कॉफीचे कप घेऊन आत जाणाऱ्या लोकांच्या मधोमध उभी राहून दोघं कडाकडा भांडायला लागली.